हसी

सट्टुप्पानं विस्तव सोडला.
कामावरचा नव्हे,
उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीच्या तोंडाशी
अजून आठ तास उभा असतोच की,
पातळ लोखंड साच्यात ओतत.
ताटातला सोडला.
चैत्रात एक दिवस म्हणाला, शिजलेलं नको.
दूध नको, लोणी नको,
तव्यावरचं तर नकोच नको.
मी खानावळीला रोज दोनशे भाकऱ्या देणारी बाई,
पिठाचे हात तसेच धरून
बघत राहिले त्याच्याकडं.

कारण काय तर,
दिवसभर आग बघून आलेल्याला
थंड काहीतरी पाहिजे की गं.
एवढंच.

मग माझा हिशेब सुरू झाला.
एका भाकरीच्या बदल्यात सव्वा किलो काकडी.
आणि हा पूर्वी चार खायचा.
आषाढापर्यंत पट्ट्याला दोन नवी भोकं.
वडगावच्या आमच्या गल्लीत गंगव्वा
कट्ट्यावरून रोज विचारते, ऊटा आतेन्री?
हा गाजर हातात धरून म्हणतो, आत्रि.
ती माझ्याकडं बघते,
मी नळाकडं.

शहापूरच्या डॉक्टरबाई, हंचिनमनी,
रिपोर्ट वाचून गप्प बसल्या.
हिमोग्लोबिन नऊ पॉइंट एक.
केसांत लोखंडाची धूळ, बनियनला लोखंडाचा वास,
आणि रक्तात लोखंड नाही.
त्या अर्धं कानडीत, अर्धं मराठीत सांगत गेल्या,
मी लाइट बिलाच्या पाठीवर लिहीत गेले:
हेसरु, म्हणजे मूग, मोड आणून, चिमूट नव्हे, वाटी भरून.
एळ्ळु भिजवून वाटायचे, हाडांना.
पाल्यावर लिंबू पिळा, नाहीतर लोह अंगी लागत नाही.
चहा तासभर लांब.
शेंगदाणे, ओलं खोबरं, हात आखडू नका.
राजमा, पावटा कच्चा चुकूनसुद्धा नाही.
आणि बी-बारा कुठल्याच पाल्यात नाही,
देवानं तसलं झाड लावलंच नाही,
त्याला गोळी.

मी भीत भीत विचारलं, जोंधळ्याला मोड आणू?
ब्याड, ब्याड, म्हणाल्या, कोंभात विष असतं.
ते मला ठाऊक होतं खरं.
माहेरी, बेळगुंदीला, कोवळं कडवळ खाऊन
आमची म्हैस दिवस मावळायच्या आत आडवी झाली होती.
जोंधळ्याला विस्तव लागतोच.
खोटं कशाला बोलू,
ऐकून बरं वाटलं मला.

गंगव्वा म्हणाली, कच्च्याला आम्ही म्हणतो हसी.
आणि भुकेला?
हसिवु.
मी म्हटलं, वेलांटी काढून उकार दिला
की आमचं हसू.
मग आम्ही दोघी पालक निवडत
उगीचच हसत बसलो,
तिची जुडी कुठली, माझी कुठली,
शेवटी कळेना.

दिवाळीला अकरा पॉइंट दोन.
पट्टा एक भोक मागं आला.
गोळी तो सकाळी पाण्याबरोबर घेतो, डोळे मिटून,
ती कुठल्या कारखान्यात, कसल्या उष्णतेवर झाली
मी विचारत नाही,
तोही नाही.

परवा रविवारी माझा हात भाजला.
खानावळीचा पोरगा सायकल लावून दारात उभा,
ऐंशी भाकऱ्या बाकी.
मी एका हातानं थापल्या कशाबशा,
हा चुलीपुढं मांडी घालून बसला.
निखाऱ्यावरची भाकरी उघड्या बोटांनी फिरवतो,
त्याला चटका कळतच नाही,
कधीच मेली ती कातडी.
शेवटची टम्म फुगली.
त्यानं कडेला बोट घालून वाफ सोडली,
वाफेवर तोंड धरून थोडा वेळ थांबला,
आणि ती माझ्या ताटात ठेवली.

मग आपली वाटी घेऊन बसला समोर.
मूग, खोबरं, लिंबू.
माझं दहा मिनिटांत झालं.
हात ताटातच वाळत गेला.
त्याचं चावून होईस्तोवर
उठले नाही.